बाहुलीची पेटी

३ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र ड्रायव्हरकाकांनी शर्टाच्या आतल्या खिशातून काढून दिलं. घामाने इतकं मऊ झालं होतं की उलगडताना वाटलं, हातरुमालच पाठवलात की काय. मोबाइलचा टॉवर पाडल्यापासून तुमच्याशी भांडायचं म्हटलं तरी मदतीच्या ट्रकची वाट बघावी लागते. भांडण शिळं होऊन जातं.

मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही फ्रॉकमध्ये होता आणि नाक पुसायचंही भान नव्हतं. तेव्हापासून चिडवायला म्हणून 'अहो वन्सं' म्हणते. तर अहो वन्सं, आज चिडवायला लिहीत नाही. एक मागणं आहे.

आमचा बाळंतपणाचा वॉर्ड आता तळघरात आणलाय. पूर्वी इथे मोडक्या खाटा आणि जुने पडदे ठेवायचे, आता आम्हाला ठेवलंय. वीज येते आणि जाते. आली की जो तो धावत सुटतो, पंप लावा, पाणी भरा, मशीन चार्ज करा. गेली की सगळे एकदम गप्प होतात. त्या गप्प होण्याचीच मला जास्त धास्ती वाटते.

टिटवीला सातवा महिना लागलाय. लहानपणी रडून सगळी गल्ली जागी करायची म्हणून तुम्हीच हे नाव ठेवलंत. आता माझी पोर तासन्‌तास बोलत नाही. जावई दुसऱ्या शहरात अडकलेत, मधला रस्ता बंद आहे. तिच्या पायांवर सूज आहे, बीपी उतरायचं नाव घेत नाही. जन्मभर दुसऱ्यांची बाळंतपणं केली, त्यामुळे मला कळतं. हे बाळ दिवस भरू देणार नाही.

लवकर आलेल्या बाळाला पेटीत ठेवावं लागतं हे तुम्हाला माहीत आहे. आमच्याकडच्या पेट्या जुन्या. वीज गेली की गार पडतात. उत्तरेकडचं युद्ध पेटलं होतं तेव्हा तुम्ही फोटो पाठवला होता, आठवतं? तिकडे परदेशात तुमच्या मदतसंस्थेच्या गोदामात तुम्ही उभ्या आणि मागे बॅटरीवर चालणाऱ्या पेट्यांची रांग, प्रत्येक पेटीला रिबीन. 'ही माझी नणंद' म्हणून मी तो अख्ख्या वॉर्डात दाखवला होता. तसल्या पेट्या आमच्याकडे येतील का? एक आली तरी चालेल. 'नणंदेचा वशिला आहे' असं मी सगळ्यांना सांगून बसलेय. तोंडघशी पाडू नका.

तुमची वहिनी

१३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून त्याच पावली साहेबांकडे गेले. साहेब म्हणजे आमच्या गोदामाचे प्रमुख. माणूस वाईट नाही. मला ताप भरला होता तेव्हा स्वतःच्या गाडीने घरी सोडलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि "बघतो" म्हणाले. ते चष्मा पुसू लागले की समजावं, उत्तर त्यांच्या हातात नाही.

आमच्या इमारतीत शिरलं की समोरच एक पेटी मांडलेली आहे, नमुन्याची. आत प्लॅस्टिकची बाहुली, डोक्याला लोकरी टोपी. ही पेटी दिवसभर बॅटरीवर चालवतात, बॅटरी किती टिकते ते देणगीदारांना दिसावं म्हणून. पाहुणे काचेत हात घालून बघतात आणि म्हणतात, "अगदी उबदार आहे हो!" मागच्या भिंतीवर उत्तरेच्या युद्धातला मोठा फोटो आहे आणि त्याखाली अक्षरं आहेत: बाळाला सीमा नसते. मी रोज तिथूनच आत जाते.

तेव्हा काय दिवस होते वहिनी! शाळेतली मुलं रांगेने येऊन खोक्यांवर फुलं काढून गेली. शहराच्या पुलावर उत्तरेकडचा झेंडा लागला. बेकरीवाल्याने आम्हाला फुकट पाव दिले. पेट्या आठवड्याच्या आत रवाना झाल्या, वर जादा बॅटऱ्याही घातल्या. त्या कुणाच्या हाती पडतील असं कुणी विचारलं नाही. मीही त्या लोकांसाठी रडले होते, खोटं कशाला बोलू. त्यांचं दुःख खरंच होतं.

आपल्या युद्धाला मात्र इथे 'परिस्थिती' म्हणतात. "तिकडची परिस्थिती कशी आहे?" असं विचारतात, आज ऊन आहे का विचारावं तसं. आणि आता तपासणीचं एक नवं टेबल टाकलंय, फक्त तुमच्याकडे जाणाऱ्या मालासाठी. सुरक्षेचा प्रश्न आहे म्हणे. मलमपट्टीच्या संचातून कात्र्या काढायच्या. कुबड्या काढायच्या, कारण त्यातली नळी दुसऱ्या कामाला येऊ शकते. एका पायाच्या माणसाला विचारा, कुबडीचं दुसरं काम काय! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

त्या टेबलावर मी असते. मी नाही तर दुसरं कुणी असेल. निदान मी बाकीचा माल नीट परत भरते.

पत्र बंद करणार तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. पेट्या जाणार! टिटवीला सांग, आत्याने वशिला लावला.

तुझी वन्सं

२२ फेब्रुवारी

अहो वन्सं,

कात्र्या नाहीत हे तुमचं पत्र उघडण्याआधीच कळलं होतं. पट्टी आम्ही दातांनी फाडतो. नाळ कापायला तुमच्या दादांच्या दाढीचं पातं उकळून घेते. ते म्हणतात, आता माझी दाढी युद्ध संपल्यावरच.

त्यांच्या शाळेच्या वर्गावर्गात माणसं राहायला आलीत. मास्तरांना शिकवायला काही उरलं नाही, म्हणून आमच्याकडे पाणी वाहतात. तळघरात जीव गुदमरतो, पण शर्टाचं वरचं बटण काही उघडत नाहीत. मी म्हटलं, इथे कोण बघतंय? तर म्हणाले, "बायकांचा वॉर्ड आहे." जित्याची खोड!

एक चूक झाली. पेट्या येणार हे मी टिटवीला सांगून टाकलं. येईपर्यंत सांगायला नको होतं. पण ती किती दिवसांनी हसली हो! आता रोज विचारते, "आत्याची पेटी कुठपर्यंत आली?" आम्ही दोघी मिळून त्या पेटीला वाटेतल्या एकेका गावात पोचवतो. काल ती घाट चढून आली.

तिचं बीपी वाढतंच आहे. लवकर पाठवा.

तुमची वहिनी

२ मार्च

प्रिय वहिनी,

पेट्या निघाल्या! आज सकाळी मी स्वतः ट्रकमध्ये चढवल्या. काचेला तडा जाऊ नये म्हणून भोवती ब्लँकेटं लावलीत, तीही वापरायला होतील. आमच्या विभागातल्या बायकांनी बाळांसाठी टोप्या विणल्यात, पिवळ्या आणि हिरव्या. पिवळी वीण जरा सैल आहे, ती माझी. दादांसाठी दाढीची पाती पाठवणार होते, पण तू ओळखलंच असशील.

ड्रायव्हरकाकांना सांगितलंय की हळू चालवा. ते म्हणाले, "ताई, रस्ताच नाही तर जोरात कुठून चालवू?" मोठा गमतीचा माणूस आहे.

इथे हवा बरी आहे. माझी काळजी करू नकोस. पेट्या आल्या की आधी विजेवर लावून बघा. बाकी काही अडलं तर तिथल्या मशीनवाल्याला दाखवा, तो काहीतरी करेल. टिटवीला आत्याचे आशीर्वाद.

घाईत आहे.

तुझी वन्सं

१५ मार्च

आज वन्सं म्हणत नाही.

पेट्या आल्या. ट्रकमधून उतरवल्या तेव्हा वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांना उठता येत नव्हतं त्यांनी पडल्या पडल्या वाजवल्या. मी तुझं नाव सांगत फिरले. विजेवर लावल्या, दिवे लागले, काच गरम झाली. मग वीज गेली आणि दिवे विझले.

आम्हाला वाटलं, तार सुटली असेल. मशीनवाला नाही आता, तो मागच्या महिन्यात गेला. म्हणून मीच मागचं झाकण हलवून पाहिलं. ते नुसतं वरच्या खाचेत अडकवलेलं होतं. आत बॅटरीची जागा पोकळ. तारांच्या टोकांना नीट कापड गुंडाळलेलं. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीखाली सगळे स्क्रू ओळीने लावलेले, ज्याच्या त्याच्या भोकाशेजारी.

मामंजींचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान मी विसरले असं तुला वाटलं? "ज्याने उघडलं त्याने स्क्रू सांभाळायचा." तुला त्यांनी ते मारून शिकवलं होतं. घरातलं घड्याळ असो नाहीतर माझं शिवणयंत्र, तू उघडलंस की स्क्रू असेच झाकणाला चिकटवलेले असायचे. हा हात मी ओळखणार नाही?

दुसऱ्या कुणी काढली असती तर म्हटलं असतं, परक्यांनी तोंडाला पानं पुसली. नशीब म्हणून गप्प बसले असते. पण तू काढलीस, आणि वर टोप्यांच्या गोष्टी लिहिल्यास. पिवळी वीण सैल आहे म्हणे!

का केलंस ते लिही. टिटवीचं विचारू नकोस.

वहिनी

२० मार्च

वहिनी,

ड्रायव्हरकाका पत्र घेऊन आले आणि चहाही न घेता निघून गेले. त्यावरूनच समजले.

हो, मी काढल्या. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी वरून हुकूम आला. पेट्या जातील, बॅटऱ्या जाणार नाहीत. बॅटरीचा दुसरा उपयोग होऊ शकतो, सुरक्षेला धोका आहे. फिटरला बोलावलं होतं. तो पक्कड घेऊन तारा मुळापासून तोडायला निघाला होता. मग ती पेटी कायमची गेली असती. मी म्हटलं, थांब, मी काढते. तारा शाबूत राहिल्या, झाकण शाबूत राहिलं, म्हणजे कधी कुठून बॅटरी मिळाली तर तुम्हाला लावता येईल. मी तुमच्यासाठीच केलं असं मला तेव्हा वाटलं.

तुला लिहिलं नाही कारण टिटवी पेटीला गावोगाव पोचवत होती. मला तिला वाटेत अडवायचं धाडस झालं नाही.

नंतर मी साहेबांकडे गेले. म्हटलं, उत्तरेला जादा बॅटऱ्या पाठवल्या होत्या, मीच मोजून भरल्या होत्या. ते म्हणाले, "तेव्हाची गोष्ट वेगळी होती." मी विचारलं, काय वेगळं होतं? त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "तिथे आपल्याला खात्री होती." कसली खात्री? "की त्या बाळांसाठीच लागतील."

मी म्हटलं, साहेब, माझी भाची आहे तिथे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "मला वाईट वाटतं हो." त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वहिनी, त्याचाच मला जास्त संताप आला. शिवी दिली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

बॅटऱ्या इथेच आहेत. मागच्या खोलीत फळीवर एकीला एक लावून ठेवल्यात. एक घेऊन मी ड्रायव्हरकाकांकडे गेले होते. त्यांनी हात जोडले. म्हणाले, "ताई, नाक्यावर सीटसुद्धा फाडून बघतात. सापडली तर माझं काय व्हायचं ते होईल, पण पुढचा ट्रकच सोडणार नाहीत." मी बॅटरी परत फळीवर ठेवली. बाहेरच्या पेटीत ती बाहुली मात्र ऊब खात पडलीय, रोज सकाळ ते संध्याकाळ.

नोकरीवर लाथ मारावी असं रोज मनात येतं. नोकरी गेली की या देशात राहायचा परवानाही जातो, आणि मग तुम्हाला इथून निदान ब्लँकेट पाठवणारंही कुणी उरणार नाही. हे खरं कारण आहे की माझा भित्रेपणा, ते मला सांगता येत नाही.

रागव, शिव्या दे, पण टिटवीचं कळव. मी पाया पडते.

तुझी, जे म्हणशील ते

३ एप्रिल

वन्सं,

मागचं पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी टिटवी बाळंत झाली होती. मुलगी झाली. तुम्हाला मुद्दाम कळवलं नाही. तुम्ही तळमळावं असं वाटलं. आता सांगते, सगळं सांगते, मध्ये थांबवू नका.

टिटवीला झटके आले आणि त्यातच ती मोकळी झाली. तिची शुद्ध नव्हती. बाळ एवढंसं, माझ्या कोपरापर्यंतही पुरेना. ते तुमच्या पेटीत ठेवलं. शेजारच्या पेटीत आणखी एक होतं, मुलगा. त्याच्या आईला ढिगाऱ्यातून काढून आणलं होतं. ती बाळंत झाली आणि गेली. तिच्याबरोबर कुणी नव्हतं, नाव सांगायलाही कुणी नव्हतं.

दोन्ही बाळं उबेत होती. दुपारी वीज गेली. मी काचेवर हात ठेवून उभी राहिले आणि काच गार होत गेली.

दुसरी सिस्टर एका बाळंतिणीपाशी अडकली होती. इकडे मी एकटीच. अशा वेळी बाळ माणसाच्या उघड्या छातीवर ठेवायचं, अंगाच्या उबेवर ते तगतं. मी आधी हात घातला तो माझ्या नातीच्या पेटीत. विचार केला नाही, हात आपोआप तिकडे गेला. तुमचे दादा पाण्याचा कॅन घेऊन उभे होते. मी म्हटलं, बटणं उघडा. ज्यांनी आजवर वरचं बटण उघडलं नाही त्यांनी सगळा शर्ट उघडला. नात त्यांच्या छातीवर ठेवली, वर ब्लँकेट घातलं, तुमची ती सैल विणीची पिवळी टोपी चढवली.

तेव्हाच वळायला हवं होतं. मी वळले नाही. तिचा श्वास चालतोय ना बघत राहिले. टोपी परत नीट केली. आणखी थोडी थांबले. मग शेजारच्या पेटीकडे गेले.

त्याला मी छातीशी घेतलं, संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही. पण तो गार पडला होता तो पडलाच. डॉक्टर म्हणतात, ते बाळ तसंही वाचलं नसतं. म्हणत असतील. त्यांनी माझं उभं राहणं पाहिलं नव्हतं.

तुम्हाला ते रागाचं पत्र लिहिलं तेव्हा या गोष्टीला एकच दिवस झाला होता. स्वतःला द्यायच्या शिव्या तुम्हाला देऊन मोकळी झाले. तुम्ही लिहिलं होतंत, आपला तो बाब्या. मी ते वाचून मान डोलावली होती. माझ्यावर वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

पण वन्सं, तुमच्या साहेबांना यातून सुटका मिळत नाही, एवढं त्यांना सांगा. मी घाबरलेली होते, दोन बाळं होती आणि हात माझ्या एकटीचे होते. त्यांना कुणाला निवडायचं नव्हतं. त्यांच्याकडे दोघांना पुरेल एवढं फळीवर पडून आहे.

नात आहे. दादा, मी, शुद्धीवर आलेली टिटवी, आळीपाळीने छातीशी धरतो. परवा टिटवीने विचारलं, शेजारच्या पेटीत कोण होतं? मी म्हटलं, कुणी नाही. हे माझं दुसरं पाप.

तुम्हाला माफ केलं असं लिहीत नाही, मला तो अधिकार राहिलेला नाही. पण तुमचे स्क्रू मी काढलेले नाहीत. होते तसेच झाकणाला आहेत. या आठवड्यात आणखी दोघी अवघडलेल्या आहेत.

तुमची वहिनी

९ एप्रिल

प्रिय वहिनी,

काल देणगीदारांचे पाहुणे येणार होते. सकाळी लवकर जाऊन मी बाहुलीच्या पेटीचं मागचं झाकण उघडलं. बॅटरी काढली, तारांना कापड गुंडाळलं, स्क्रू झाकणाला चिकटवले. बॅटरी साहेबांच्या टेबलावर ठेवली, शेजारी तुझं पत्र ठेवलं आणि आत जाऊन कामाला लागले.

थोड्या वेळाने साहेब धावत आले. खरंच धावत, टाय खांद्यावर गेलेला. मला म्हणाले, "अहो, पाहुणे दारात आलेत! पेटी बंद पडलीय, आत बाहुली गार पडलीय!"

मी हातातलं खोकं खाली ठेवलं. माझ्या शेजारच्या टोप्या विणणाऱ्या बायकांनीही हात थांबवले. साहेब आमच्याकडे बघत उभे राहिले. मग खाली बसले, तिथेच एका खोक्यावर. पत्र त्यांच्या हातात होतं. त्यांनी वाचलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही.

पाहुण्यांनी काचेत हात घातला असेल तर त्यांना काय लागलं ते मला माहीत नाही. मला उद्या वर बोलावलंय. नोकरी राहील असं वाटत नाही. बॅटऱ्या सुटतील असंही मी तुला कबूल करत नाही, एकदा खोटी आशा लावून बसलेय. हे पत्र ड्रायव्हरकाकांकडे आजच देते. पुढचं कुठून लिहीन ते सांगता येत नाही.

टिटवीला एकदा खरं सांग. शेजारच्या पेटीत कुणीतरी होतं. मी आत्या म्हणून दोन टोप्या पाठवल्या होत्या, हिरवी त्याची होती असं सांग.

आणि एक. तुमच्याकडचं युद्ध सुरू झाल्यापासून मी या इमारतीत रोज येतेय. कुणी गार पडलंय म्हणून इथे कुणाला धावत येताना मी काल पहिल्यांदा पाहिलं.

तुझी वन्सं